तिसऱ्या टिचबटणाखालची सुरकुती

सुरकुती बोटीच्या खिडकीत, तिसऱ्या टिचबटणाच्या खाली, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर सुरू होत होती आणि खालच्या कोपऱ्याकडे तिरकी उतरत होती. समोरून प्रकाश आला तर ती दिसत नसे. बाजूने आला की तिच्या एका कडेला बारीक उजळ रेघ आणि दुसऱ्या कडेला तेवढीच करडी रेघ पडे. पलीकडचा धक्क्याचा खांब नेमका त्या जागी मोडल्यासारखा दिसे, पेल्यातल्या पाण्यात ठेवलेल्या चमच्यासारखा.

"दिसली?" धक्क्यावर माझ्या शेजारी उभे असलेले लायमन प्रुइट म्हणाले.

"दिसली."

"मागच्या वर्षीही इथेच होती."

"माहीत आहे, मिस्टर लायमन."

"आणि त्याच्या मागच्या वर्षीही."

आवाजात तक्रार अजिबात नव्हती. अंगणातलं झाड यंदाही फुललं हे शेजाऱ्याला दाखवताना माणूस जसा बोलतो, तसे ते बोलत होते.

आम्ही त्या खिडकीला काच म्हणतो, पण ती काच नव्हे. जाड, पारदर्शक व्हिनायल. शिडाच्या बोटीत सुकाणूपाशी बसायची जागा उघडी असते. तिच्यावर स्टीलच्या कमानी उभ्या करायच्या, कमानींवर कापड ताणायचं आणि कापडात या खिडक्या शिवायच्या, की झाली बंदिस्ती. मग वारा-पाऊस बाहेर राहतो आणि थंडीतही बोट हाकता येते. आमच्या खाडीवर हे काम मी करते. त्याआधी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत होते. मावशी गेल्यावर बोटींच्या आवारातला तिचा शिलाईचा माळा माझ्याकडे आला आणि त्याबरोबर मशीनवर बसणारी व्हर्लीनही आली. ती मावशीच्या वेळेपासूनची आहे, आणि मला अजून नवशिकी समजते.

मिस्टर लायमन चष्मेवाले. खाडीवरच्या बहुतेक नाकांवर त्यांनी बसवलेला चष्मा आहे, माझ्यासुद्धा. दुकान बंद केलं त्या शरद ऋतूत त्यांनी जाहीर केलं, की आता बोट घेऊन दक्षिणेला, थेट फ्लोरिडाला जायचं. फक्त बंदिस्ती नीट झाली की निघायचं. मी बंदिस्ती केली. बसवली तेव्हा आरशासारखी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धक्क्यावरून उजव्या बाजूच्या मागच्या खिडकीत सुरकुती दाखवली. ती काढण्याच्या खटपटीत थंडी पडली. मग ते म्हणाले, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी मी ती खिडकी नव्याने केली. बसवताना आरसा, सकाळी सुरकुती. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दर ऑक्टोबरात रानहंस उत्तरेकडून येत, इतरांच्या बोटी दक्षिणेकडे जात, आणि प्रुइटांची 'सँडरलिंग' धक्क्याला बांधलेली राही. सँडरलिंग हा किनाऱ्यावरचा एक छोटा पक्षी. लाट मागे गेली की पाण्याकडे धावतो, लाट आली की उलट पळतो. बोटीला ते नाव मिस्टर लायमननीच दिलं होतं, आणि त्यावरून डिझेलच्या पंपाशेजारच्या बाकावर बसणारी निवृत्त खेकडेवाली मंडळी काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मिस रोवेना त्यांच्या पत्नी; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. त्या दिवशी दुपारी त्या माळ्यावर आल्या, एकेक पायरी दोन्ही पावलं टेकवून. हातात थरांचा केक होता. आमच्याकडे असा केक कोणी उगाच आणत नाही.

"मिस कोरा, मला सरळ सांगा," त्या बसत म्हणाल्या. "बिनसुरकुतीची खिडकी माणसाच्या हातून होते का?"

"होते."

"मग आमचीच का होत नाही?"

"कारण असा नवरा तुम्हीच केलात," मशीनमागून व्हर्लीन म्हणाली. "बाकीच्यांचे नवरे खिडकीतून बाहेर बघतात. तुमचा खिडकीच बघत बसतो."

"ते आज कळलं का मला? लग्नाच्या दिवशी याला माझ्या झालरीत उसवलेला टाका दिसला. पाद्रीबाबा पुस्तक उघडून उभे, आणि हा खाली वाकलेला. लोकांना वाटलं चक्कर आली."

व्हर्लीनने मशीन थांबवून हसून घेतलं. मी केक कापायला घेतला.

"तुम्हीच का म्हणत नाही त्यांना, चल म्हणून?" मी विचारलं.

"शब्द देऊन बसलेय ना. दुकान बंद केलं त्या दिवशी म्हणाला, जन्मभर लोकांच्या सोयीने उठलो-बसलो, निघायचा दिवस तेवढा मी ठरवणार. मी म्हटलं, ठरव बाबा. मला वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे." त्यांनी गुडघा चोळला. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी हा बदलायचाच. मग बोटीवर चढायला मला शिडी लागेल. आणि शिडी आली की ती कशी डुगडुगते हे बघण्यात लायमनची आणखी तीन वर्षं जातील. मला यंदाच जायचंय. तिकडे फ्लोरिडात लिया तिच्या अंगणातली संत्री दरवर्षी खोक्यात घालून पाठवते. बहिणीच्या झाडाचं फळ पोस्टातून खायचं म्हणजे काय! आणि मला नाताळच्या दिवशी समुद्रात पोहायचंय. एकदाच."

"तुम्ही एकट्या गेलात तरी पोचाल," व्हर्लीन म्हणाली.

ते खरं होतं. मिस रोवेना बापाच्या कालवं काढायच्या बोटीवर वाढलेल्या. 'सँडरलिंग' धक्क्याला लागताना सुकाणू त्यांच्या हातात असे. मिस्टर लायमन पुढे उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत, आणि त्या त्यांच्याकडे न बघता बोट जागेवर लावत.

"मला एकच द्या," त्या जाताना म्हणाल्या. "अशी खिडकी, की त्याला काहीच सापडणार नाही."

त्या एकेक पायरी खाली उतरल्या. मग व्हर्लीन म्हणाली, "आता केक खाल्लास. आता सुटका नाही."

व्हिनायल उन्हात वाढतं आणि थंडीत आखडतं. थंडीत बेतलेली खिडकी उन्हाळ्यात झोळ धरते. कडक उन्हात बेतलेली खिडकी हिवाळ्यात इतकी आखडते, की टिचबटणं लागत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी मी रात्रीच्या गारव्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी शिलाईला दिला, कारण मशीनखाली दोन थर सारख्या वेगाने सरकले नाहीत तर एक थर नकळत गोळा होतो. यावर व्हर्लीन दोन दिवस माझ्याशी नाही, फक्त मशीनशी बोलली. तिसऱ्या वर्षी मी खुद्द व्हिनायललाच दोष दिला आणि अधिक चांगलं, दाबून गुळगुळीत केलेलं व्हिनायल मागवलं. सुरकुतीने यातलं काहीच जुमानलं नाही. ती त्याच बटणाखाली, त्याच कोपऱ्याकडे, तशीच तिरकी येऊन बसली.

यंदा मी ठरवलं, की सगळ्याच शंका एकदम मिटवायच्या. थंडीची पहिली लाट ओसरून उबेचे चार-सहा दिवस येतात, तेवढ्यात फर्मा घ्यायचा, तेवढ्यातच शिवायचं आणि बसवायचंही.

फर्मा म्हणजे खिडकीचा साचा. पातळ प्लास्टिक कमानीपासून कमानीपर्यंत चिकटपट्टीने ढोलासारखं ताणायचं आणि त्यावर पेनाने कडा, बटणं, चेनची जागा आखायची. मी बोटीवर गेले तेव्हा मिस्टर लायमन त्यांच्या नेहमीच्या जागी उभे होते, डावा हात मागच्या कमानीवर आणि उजव्या हातात टॉर्च. टॉर्चचा झोत माझ्या पेनाच्या टोकावर.

"तिथे जरा जाड रेघ आली, मिस कोरा."

"मी रेघेच्या आतल्या कडेने कापते."

"नेहमी आतल्याच?"

"नेहमी."

"माणसाचा हात आहे शेवटी."

"मिस्टर लायमन, तुम्ही खाली बसून कॉफी घेता का?"

"मी काही करत नाहीये," ते म्हणाले. "नुसता उभा आहे."

मिस रोवेना आत डबे लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे छताला लावले.

माळ्यावर आल्यावर मी फर्मा टेबलावर पसरला आणि सगळीकडून किंचित लहान करून घेतला, म्हणजे खिडकी बसवताना थोडी ओढावी लागेल आणि ताठ राहील. मग मावशीची रीत. आधी कापडाचा अख्खा तुकडा घ्यायचा, मधे भोक न पाडता. त्यावर व्हिनायल सपाट निजवायचं, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने कडा धरून ठेवायच्या आणि चहूबाजूंनी टीप मारायची. सगळं शिवून झालं की मगच मधलं कापड कापून काढायचं. तोपर्यंत कापड व्हिनायलला हलू देत नाही. आधी भोक पाडून मग काच बसवू गेलं की चारही कडा आपापल्या मताने चालतात.

व्हर्लीनने मशीनच्या सुईजवळच्या दाबपट्टीला, व्हिनायल चिकटू नये म्हणून, सिलिकॉन लावलं आणि श्वास रोखून चारही बाजू शिवल्या. शिवताना ती गप्प होती. व्हर्लीन गप्प बसते हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होते.

"आता यात सुरकुती निघाली," मधलं कापड कात्रीने सुटं होऊन खाली पडलं तेव्हा ती म्हणाली, "तर ती मी माझ्या तोंडावरून उचलून लावली असेल."

बसवायच्या दिवशी ऊन छान होतं. बाकावरची मंडळी आपला बाक उचलून 'सँडरलिंग'च्या समोर घेऊन आली होती. त्यांचा म्होरक्या हार्लन टल याने आल्या आल्या विचारलं, "मिस कोरा, यंदाची सुरकुती कुठे ठेवणार?"

"तुमच्या टोपीखाली बरीच जागा आहे," व्हर्लीन म्हणाली.

मी चेन लावली, खालून बटणं लावत आले. शेवटचं बटण अंगठ्याने जोर देऊन लावावं लागलं. टिच. खिडकी ताठ झाली. मी आत बसून बघितलं, डोकं डावीकडून उजवीकडे हळूहळू नेत. खांब सरळ होता. खांबावरची दोरी सरळ होती. खाडीपलीकडच्या घरांची छपरं, जशी होती तशी.

मिस्टर लायमन त्यांच्या जागी उभे होते, डावा हात कमानीवर. त्यांनी खिशातून एक गुंडाळी काढून हार्लनकडे दिली. दुकानातला डोळे तपासायचा तक्ता. त्यांनी तो जपून ठेवला होता हे मला माहीत नव्हतं.

"त्या खांबावर धर. जरा वर. हलू नकोस."

"मी तुझा खिळा आहे का रे?" हार्लन म्हणाला, पण धरला.

मिस्टर लायमननी एक डोळा तळव्याने झाकला आणि खिडकीतून वाचायला सुरुवात केली. वरची मोठी अक्षरं, मग त्याखालची, मग आणखी बारीक. बाकावरचे लोक प्रत्येक ओळीनंतर टाळ्या वाजवत होते. शेवटची ओळ त्यांनी वाचली तेव्हा टाळ्या थांबल्या, कारण त्यांचा चेहरा पडला होता.

"तक्ता पाठ असेल त्याला," कोणीतरी पुटपुटलं.

"मला एकही कड मोडलेली दिसत नाही," मिस्टर लायमन हळूच म्हणाले. "एकही नाही."

मिस रोवेना आतून वर आल्या. हात पुसायचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. तो काढून त्यांनी त्याची नीट चौपदरी घडी केली.

"बाहेरून एकदा बघतो," मिस्टर लायमन म्हणाले आणि कमान सोडून धक्क्यावर उतरले. वळले. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, ते बघून मला घाम फुटला.

"मिस कोरा! आली!"

मी उतरून त्यांच्या शेजारी गेले. तिसऱ्या टिचबटणाखाली, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर. तिरकी. एका कडेला उजळ रेघ, दुसऱ्या कडेला करडी.

व्हर्लीन धक्क्यावर मटकन बसली. मिस रोवेनांनी टॉवेलची घडी मोडली.

"वाईट वाटून घेऊ नका," मिस्टर लायमन मला धीर देत होते. त्यांच्या आवाजात खरी माया होती. "वसंतात निवांत करू. आतून कुठपर्यंत जाते बघू या, म्हणजे तुम्हाला मदत होईल." ते बोटीवर चढले, आपल्या जागी गेले आणि टॉर्च लावला. "हे काय? इथून दिसत नाही."

मलाही दिसत नव्हती. मी धक्क्यावर, होते तिथेच उभी होते. डोकं हलवलं नव्हतं. ऊन बदललं नव्हतं. सुरकुती मात्र गेली होती.

"मिस्टर लायमन, पुन्हा खाली या."

ते आले. ती आली.

"वर जा."

ते गेले. ती गेली.

"भानामती आहे," हार्लन म्हणाला.

पण एव्हाना मला हसू फुटायला लागलं होतं. वर्गात मी किती मुलांना सांगितलं असेल, की एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तीन वर्षं हवा बदलली, शिलाई बदलली, व्हिनायल बदललं, आणि जे कधीच बदललं नाही ते टॉर्च घेऊन माझ्या डोक्यावर उभं होतं.

"मिस्टर लायमन, तिथेच थांबा. आता फक्त डावा हात सोडा."

"कुठला डावा?"

"कमानीवरचा."

त्यांनी हाताकडे बघितलं. तो तिथे आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. सोडला. कमान केसभर वर उठली आणि बटणाखालून सुरकुती कोपऱ्याकडे धावली. पुन्हा धरला. सुरकुती विरली.

"दर वर्षी मी फर्मा घेतला तेव्हा तुम्ही लटकलेले होतात," मी म्हणाले. "बसवली तेव्हाही. मी घरी गेले की तुम्ही हात सोडून खाली उतरत होतात, आणि धक्क्यावरून सुरकुती बघत होतात. खिडकी बरोबर आहे. ती तुम्हाला धरूनच बेतलेली आहे."

 मग व्हर्लीनने जी आरोळी ठोकली, तिने खाडीतली बदकं उडाली. हार्लन मुद्दाम वर जाऊन कमानीला लटकून आला. त्याच्या वजनाने उलट्या दिशेने दुसरीच सुरकुती पडली, आणि बाकावर नव्याने हशा झाला.

मी मात्र मिस्टर लायमनच्या हाताकडे बघत होते. बोट पुढून-मागून धक्क्याला बांधलेली होती. पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. तरी त्यांनी कमान अशी धरली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मिस रोवेनाही तिकडेच बघत होत्या. हसत नव्हत्या.

"म्हणजे नवा फर्मा घ्यायचा," मिस्टर लायमन म्हणाले. "मी नसताना. तोवर थंडी पडेल..."

"नवा फर्मा नको," मी म्हणाले. पिशवीतून बक्कल असलेला एक पट्टा काढला. एक टोक मागच्या कमानीला अडकवलं, दुसरं खाली कठड्याला, आणि त्यांच्या हाताएवढी ओढ येईपर्यंत आवळत गेले. "आता सोडा."

त्यांनी एकेक बोट उचललं. खिडकी हलली नाही. खांब सरळ. दोरी सरळ. बाकावरून यावेळी टाळ्या आल्या नाहीत. सगळे मिस्टर लायमनकडे बघत होते, आणि ते बघत होते पट्ट्याकडे. तीन वर्षं आपण जे करत होतो ते हा विनासायास करतोय, अशा नजरेने.

"पट्ट्याचा रंग," ते म्हणाले, "कापडाशी जरा..."

"लायमन," मिस रोवेना म्हणाल्या.

ते थांबले.

"पुढच्या वेळी..."

"लायमन, मी तुला शब्द दिला होता, की दिवस तू ठरवशील. तो मी आता परत घेते. एवढ्या लोकांसमोर घेते, म्हणजे नंतर कुणी नाही म्हणायला नको." त्यांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला आणि सुकाणूवर हात ठेवला. आवाज चढला नव्हता. "काय रे, भीती वाटते ना? वाटू दे. मलाही वाटते. बाबांनाही दर खेपेला वाटायची, आणि तरी ते दर खेपेला जायचे. गुरुवारी सकाळच्या ओहोटीबरोबर मी निघतेय. तू ये, नाहीतर धक्क्यावर उभा राहून मी कशी वाकडी जाते ते बघत बस. पण येणार असलास तर ती कमान सोड, आणि इथे, माझा हात धर."